ओलाव्याच्या सेन्सरची तारजोडणी : काय करावे, काय टाळावे

पाण्याचे माप ठेवल्यावाचून पाण्याची बचत होत नाही, हे ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकरी बंधुभगिनींस निराळे सांगावयास नको. झाडाच्या मुळाशी किती ओलावा आहे हे कळले, तर केव्हा पाणी द्यावे आणि केव्हा थांबावे हे ठरविता येते. ह्या कामासाठी जमिनीत पुरावयाचे सेन्सर आता बागाईतदारांच्या परिचयाचे होऊ लागले आहेत. सेन्सर मुळाशी ओलावा मोजतो, तारेवाटे तो आकडा मोटारीच्या खोलीतील पेटीपर्यंत किंवा संगणकापर्यंत येतो आणि तेथून तो शेतकऱ्यास वाचावयास मिळतो.

सेन्सर विकत घेताना त्याची किंमत, त्याची अचूकता व त्याची हमी ह्यांची चौकशी आपण करतो. परंतु सेन्सर व संगणक ह्यांच्यामधील तार आणि त्या तारेच्या टोकास बसणारा लहानसा अ‍ॅडॉप्टर ह्यांच्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. अनुभव असा आहे की, यंत्रणा बिघडली म्हणून तक्रार येते तेव्हा दोष बहुधा सेन्सरमध्ये नसून जोडणीत असतो. ही जोडणी कशी करावी, अ‍ॅडॉप्टरची मांडणी कशी करावी आणि दोष कसा शोधावा, ह्याची माहिती गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते व शेतकरी ह्यांच्यासाठी प्रस्तुत लेखात दिली आहे.

एक अनुभव

प्रथम माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी डाळिंबाच्या बागेत तीन सेन्सर बसविण्यात आले. बागेचे तीन भाग होते आणि प्रत्येक भागात एक सेन्सर होता. तिन्ही सेन्सर एकाच तारेवर ओळीने जोडून ती तार सुमारे २८० मीटर अंतरावरील मोटारीच्या खोलीत आणली होती. जोडणी मी स्वतः उभा राहून करून घेतली. मध्ये एके ठिकाणी तार कमी पडली. तेथे दोन तुकडे पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि तो सांधा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तसाच ठेवला.

काही महिने सर्व सुरळीत चालले. फळे लिंबाएवढी झाली असता बागेचे मालक, ज्यांना गावात सर्व जण तात्या म्हणतात, त्यांचा मला फोन आला. ते म्हणाले, "साहेब, तिसऱ्या भागात यंत्र ओल आहे म्हणतंय, पण झाड नाही म्हणतंय. कुणाचं खरं धरायचं?" मी आकडे पाहिले. पहिल्या भागाचा आकडा रोज खालीवर होत होता. तिसऱ्या भागाचा आकडा ३१.४ होता. ओलावा पुरेसा आहे, आणखी दोन दिवस थांबावे, असा सल्ला मी दिला.

दोन दिवसांनी मी बागेत गेलो, तेव्हा तात्यांनी खुरप्याने वीतभर खोल माती काढून माझ्या हातावर ठेवली. ती मुठीत धरताच भुगा होऊन गळून पडली. खड्डा उघडून पाहिला, तर त्यात ठिबकाचे पाणी साचले होते आणि सांध्यावरील तांब्यास हिरवा चढ आला होता. तार तेथे तुटल्यासारखीच होती. सांध्याच्या अलीकडील पहिला सेन्सर उत्तर देत होता, पलीकडील दोन्ही गप्प होते. संगणकावरील प्रोग्रॅम मात्र उत्तर न आल्यास शेवटचा आकडाच पुन्हा दाखवीत होता. ३१.४ हा आकडा आठ दिवसांपूर्वीचा होता.

पुढे काय झाले ते डाळिंब पिकविणाऱ्यास सांगावे लागणार नाही. वाळलेल्या भागास घाईने भरपूर पाणी देण्यात आले. ताण बसून घट्ट झालेली साल दाण्यांच्या एकदम वाढीबरोबर ताणली गेली नाही आणि पुष्कळ फळे तडकली. त्यात सेन्सरचा दोष नव्हता. दोष एका सांध्याचा होता आणि मांडणी करताना ठेवलेल्या एका उणिवेचा होता. ह्या दोन्ही गोष्टी माझ्याकडून झाल्या होत्या.

निरोप तारेवरून जातो कसा

एकाच तारेवरून अनेक अक्षरे पाठवावयाची झाली, तर ती एकामागून एक पाठवावी लागतात. पोत्यांची थप्पी लावताना माणसे ओळीने उभी राहून एक एक पोते हातोहात पुढे देतात, तसाच हा प्रकार होय. ह्यासच अनुक्रमी किंवा सीरियल संदेशवहन म्हणतात. पोस्टातील तारयंत्राचे तत्त्व हेच होते. आपल्या देशातील सरकारी तारसेवा २०१३ साली बंद झाली, तथापि तिचे तत्त्व शेतातील सेन्सरमध्ये आजही जिवंत आहे. संदेशाचा वेग मोजण्याचे जे एकक, 'बॉड', तेदेखील बोदो ह्या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नावावरूनच आले आहे.

अनेक सेन्सर एकाच तारेवर असताना कोणी केव्हा बोलावे, ह्यासाठी नियम लागतो. 'मॉडबस' हा असा एक नियम १९७९ साली प्रचारात आला व आजही सर्वत्र वापरला जातो. त्याचे स्वरूप शाळेतील हजेरीसारखे आहे. गुरुजी एका मुलाचा क्रमांक पुकारतात आणि त्या क्रमांकाचाच मुलगा उत्तर देतो, बाकीचे गप्प राहतात. येथे संगणक हा गुरुजी आणि सेन्सर ही मुले. प्रत्येक सेन्सरला १ ते २४७ ह्यांपैकी एक क्रमांक असतो व त्यास पत्ता म्हणतात. प्रत्येक निरोपाच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा जोडलेला असतो. वाण्याच्या पावतीखाली बेरीज असते, तसा हा आकडा होय. तो जुळला नाही तर निरोप वाटेत बिघडला असे समजून तो टाकून दिला जातो.

जोडणीचे तीन प्रकार

बाजारात अ‍ॅडॉप्टर मागावयास गेले असता एकसारखे दिसणारे, परंतु एकमेकांशी न जुळणारे तीन प्रकार पुढे येतात. त्यांतील फरक ओळखणे अत्यंत आवश्यक आहे.

पहिला प्रकार टीटीएल. ह्यात ३.३ किंवा ५ व्होल्टचा दाब असतो. एकाच पेटीतील दोन पाट्या जोडण्यासाठी तो योग्य आहे. शेतात लांबवर तार नेण्यास तो उपयोगाचा नाही.

दुसरा प्रकार आरएस-२३२. हे मानक १९६० सालचे. ह्यात दाब शून्याच्या दोन्ही बाजूंस, म्हणजे धन व ऋण असा, १५ व्होल्टपर्यंत जातो. एका वेळी दोनच उपकरणे जोडता येतात व अंतर साधारणपणे १५ मीटरपर्यंत ठेवावे. ह्या प्रकारची तार टीटीएल पाटीस थेट लावल्यास पाटी जळण्याचा धोका असतो. मध्ये दाब बदलणारी चिप लागते.

तिसरा प्रकार आरएस-४८५. हे मानक १९८३ साली आले व शेतासाठी हेच उपयुक्त आहे. ह्यात निरोप दोन तारांवरून जातो. त्यांस ए व बी म्हणतात. जमिनीशी तुलना न करता ह्या दोन तारांमधील दाबाचा फरक तेवढा पाहिला जातो. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच येतो, म्हणून फरक कायम राहतो व निरोप बिघडत नाही. अवघा ०.२ व्होल्टचा फरक ओळखण्यास पुरेसा होतो. कमी वेग ठेवल्यास १,२०० मीटरपर्यंत तार नेता येते आणि मूळ मानकाप्रमाणे एका तारेवर ३२ उपकरणे बसतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या दोन प्रकारांत पाठविण्याची तार समोरच्याच्या घेण्याच्या टोकास, अशी उलटसुलट जोडावी लागते. आरएस-४८५ मध्ये तसे नाही. तेथे ए ला ए आणि बी ला बी जोडावयाचे असते.

तारेची निवड व तिचा मार्ग

दोन तारा एकमेकींस पीळ देऊन बनविलेली केबल घ्यावी. पीळ हाच बाहेरच्या उपद्रवापासून मुख्य बचाव आहे. सुट्या दोन तारा शेजारी शेजारी ओढून काम भागविण्याचा मोह टाळावा. ए व बी ह्यांच्याखेरीज एक तिसरी तार सर्व उपकरणांचे ऋण टोक जोडण्यासाठी हवी. ती नसल्यास दूरच्या दोन टोकांतील जमिनीचा दाब वेगळा पडतो व चिप निकामी होऊ शकते. केबलवर धातूचे आवरण असेल, तर ते एकाच टोकास अर्थिंगला जोडावे.

तार एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे व दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळीने न्यावी. झाडाच्या फांद्यांप्रमाणे मधूनच फाटे फोडू नयेत. फाटा अपरिहार्य असल्यास तो शक्य तितका आखूड ठेवावा.

मोटारीच्या विजेची केबल आणि ही तार एकाच चरातून नेऊ नये. विशेषतः मोटारीचा वेग बदलणारी यंत्रणा किंवा सौर पंपाचा नियंत्रक असेल, तर त्याच्या केबलमधून बराच उपद्रव होतो. दोन्हींत एक-दीड हात अंतर राखावे आणि ओलांडावयाचे असल्यास काटकोनात ओलांडावे. तार प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी, म्हणजे उंदीर, वाळवी व कुदळ ह्यांपासून ती सुरक्षित राहते. शक्य तो मध्ये सांधा ठेवू नये. ठेवावाच लागला, तर जेल भरलेले पाणबंद जोड वापरावेत, सांधा पेटीत घालून जमिनीच्या वर खुंटास बांधावा व त्याची जागा कागदावर नोंदवावी. चिकटपट्टीचा सांधा किती महाग पडतो, हे वर सांगितलेच आहे.

सेन्सरला लागणारी वीजदेखील बहुधा ह्याच केबलमधील निराळ्या दोन तारांतून जाते. ती शेवटपर्यंत पुरते की नाही, ह्याचा हिशेब आधी करावा. उदाहरणार्थ, ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १,००० मीटरला सुमारे ३५ ओहम असतो. ३०० मीटर अंतर म्हणजे जाऊनयेऊन ६०० मीटर तार व २१ ओहम रोध. शेवटच्या टोकास दहा सेन्सर असून प्रत्येकी २० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण ०.२ अँपिअर प्रवाह लागत असेल, तर ०.२ गुणिले २१, म्हणजे ४.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १२ व्होल्टपैकी टोकास ७.८ व्होल्टच उरतात. एवढ्या दाबावर सेन्सर चालतो काय, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. चालत नसल्यास जाड तार किंवा २४ व्होल्टचा पुरवठा घ्यावा. तो दाब सेन्सरला मानवतो हेही आधी पाहून घ्यावे.

पुरण्यापूर्वी मेजावर तपासणी

सेन्सर जमिनीत पुरण्यापूर्वी घरी मेजावर तपासून घ्यावा, हा नियम कधीही मोडू नये. कारखान्यातून येणाऱ्या सेन्सरचा पत्ता बहुधा १ असतो. असे तीन सेन्सर तसेच एका तारेवर जोडले, तर १ क्रमांक पुकारताच तिघेही एकदम उत्तर देतात आणि काहीच ऐकू येत नाही.

म्हणून एका वेळी एकच सेन्सर अ‍ॅडॉप्टरला जोडावा व पुढील क्रम पाळावा.

१. माहितीपत्रकात तारांचे रंग पाहावेत. रंग उत्पादकाप्रमाणे बदलतात, त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबू नये. विजेची धन तार चुकून ए किंवा बी वर लागल्यास चिप जळू शकते.

२. प्रथम वीज न देता सर्व तारा जोडाव्यात, पुन्हा एकदा पाहाव्यात आणि मगच वीज द्यावी.

३. अ‍ॅडॉप्टर संगणकास लावावा. विंडोज असलेल्या संगणकात डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यास कॉम ३, कॉम ५ असा क्रमांक मिळालेला दिसतो. तो न दिसल्यास अ‍ॅडॉप्टरमधील चिपचा ड्रायव्हर बसवावा. अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या खाचेत लावल्यास हा क्रमांक बदलू शकतो, म्हणून खाच कायम एकच ठेवावी.

४. सेन्सरचा आकडा वाचून पाहावा. कोरड्या हवेत आकडा शून्याजवळ व ओल्या मातीत तो वाढलेला दिसला पाहिजे.

५. पत्ता बदलून २, ३ असा द्यावा. वीज बंद करून पुन्हा सुरू करावी व नवा पत्ता लागू झाल्याची खात्री करावी. तोच क्रमांक न पुसणाऱ्या शाईने सेन्सरवर व तारेच्या टोकावर लिहावा.

नंतर सर्व सेन्सर एकत्र जोडून ते एक दिवस मेजावरच चालू ठेवावेत. यूएसबीची केबल पाच मीटरपेक्षा लांब करू नये. अंतर वाढवावयाचे असेल, तर आरएस-४८५ ची तार वाढवावी.

अ‍ॅडॉप्टरची मांडणी

संगणकावर पुढील पाच गोष्टी तंतोतंत बरोबर भराव्या लागतात. एकही चुकली तर योग्य उत्तर येत नाही.

पहिली, पोर्टचा क्रमांक, म्हणजे अ‍ॅडॉप्टर नेमका कोणत्या नावाने ओळखला जातो हे.

दुसरी, वेग. ९,६०० बॉड हा शेतासाठी उत्तम. ह्या वेगाने सेकंदास ९६० अक्षरे जातात. एका प्रश्नोत्तरास सुमारे १५ अक्षरे लागतात, म्हणजे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ तारेवर जातो. ओलावा तासागणिक हळूहळू बदलणारा असल्याने यापेक्षा अधिक वेगाची मुळीच गरज नाही. वेग वाढविला की लांब तारेवर चुका मात्र वाढतात.

तिसरी, अक्षराची घडण. ८ बिट, पॅरिटी नाही व १ थांबा-बिट ही रूढ घडण होय. पॅरिटी म्हणजे प्रत्येक अक्षराचा समविषम पडताळा. काही उपकरणांत ती सम ठेवलेली असते, म्हणून पत्रक पाहावे.

चौथी, सेन्सरचा पत्ता.

पाचवी, आकडा जेथे ठेवलेला असतो त्या रजिस्टरचा क्रमांक. पत्रकात ४०००१ असे लिहिलेले असल्यास बहुतेक प्रोग्रॅममध्ये ० लिहावे लागते, कारण तेथे मोजणी शून्यापासून सुरू होते. ही एका घराची चूक वारंवार होते.

ह्या पाच गोष्टींखेरीज एक सहावी गोष्ट मी आता सर्वत्र आग्रहाने करून घेतो. पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने एकदा आकडा वाचावा. उत्तर न आल्यास तीनदा विचारावे. तरीही न आल्यास पडद्यावर जुना आकडा न दाखविता 'उत्तर नाही' असे स्पष्ट दाखवावे व शेवटचे उत्तर केव्हा आले ती वेळ लिहावी. व्हॉल्व्ह आपोआप उघडत असेल, तर उत्तर न आल्यास यंत्रणेने ठरावीक वेळापत्रकावर जावे व शेतकऱ्यास सूचना द्यावी. खोट्या आकड्यापेक्षा कोरी जागा बरी. कोरी जागा पाहून मनुष्य शेतात जाऊन पाहतो, खोटा आकडा पाहून तो घरी बसतो.

शेतातील जोडणी व टोकाचे रोधक

लांब तारेच्या टोकाशी पोहोचलेला निरोप, पाटाच्या बंद टोकावर आपटून पाणी मागे फिरावे तसा, मागे फिरतो व पुढच्या निरोपात मिसळतो. ते टाळण्यासाठी साखळीच्या दोन्ही टोकांस, ए व बी ह्यांच्यामध्ये १२० ओहमचा रोधक लावतात. तो दोन टोकांसच लावावा, मधल्या सेन्सरला लावू नये. तार आखूड असून वेग ९,६०० असेल, तर रोधकावाचूनही काम चालते. शेकडो मीटरच्या तारेस मात्र तो लावणे हितावह होय.

वीज बंद करून मल्टिमीटरने ए व बी ह्यांमधील रोध मोजावा. तो ६० ते ६५ ओहम आल्यास दोन्ही रोधक जागेवर आहेत व तार अखंड आहे असे समजावे. १२० च्या आसपास आल्यास एक रोधक निसटला आहे किंवा तार मध्येच तुटली आहे. शून्याजवळ आल्यास दोन तारा कोठेतरी एकमेकींस चिकटल्या आहेत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. तात्यांच्या बागेत रोधक लावलेले असते व मी महिन्यातून एकदा ही तपासणी केली असती, तर फळे वाचली असती.

वीज सुरू असून कोणीही बोलत नसताना ए व बी ह्यांमध्ये ०.२ व्होल्टहून अधिक दाब असलेला चांगला. तो टिकविण्यासाठी अनेक अ‍ॅडॉप्टरमध्ये निराळे रोधक बसविलेले असतात. असे रोधक साखळीत एकाच ठिकाणी असावेत.

दोष कसा शोधावा

कोणताच सेन्सर उत्तर देत नसल्यास प्रथम वीजपुरवठा व पोर्टचा क्रमांक पाहावा. ते ठीक असल्यास ए व बी ह्यांची अदलाबदल करून पाहावी. काही उत्पादक ही दोन अक्षरे उलट अर्थाने वापरतात, त्यामुळे नावे जुळूनही जोडणी उलटी होऊ शकते. ह्या दोन तारांच्या अदलाबदलीने नुकसान होत नाही.

जवळचे सेन्सर बोलतात व दूरचे गप्प आहेत, असे असल्यास मधला सांधा तपासावा व दूरच्या टोकावरील व्होल्ट मोजावेत.

उत्तर कधी येते व कधी येत नाही, विशेषतः मोटार चालू असताना येत नाही, असे असल्यास तार विजेच्या केबलजवळून गेली आहे काय व तिसरी तार नीट जोडली आहे काय हे पाहावे.

आकडा येतो पण भलताच येतो, तेव्हा त्याचा अर्थ लावण्यात चूक असते. सेन्सर बहुधा अपूर्णांक पाठवीत नाही. २८.५ टक्के सांगावयाचे असल्यास तो २८५ पाठवितो आणि तेही दोन भागांत, १ व २९ असे. १ गुणिले २५६ अधिक २९, म्हणजे २८५. त्यास दहाने भागले की २८.५ मिळतात. भागावयाचे राहून गेले तर पडद्यावर २८५ टक्के ओलावा दिसतो. हे दोन भाग उलट क्रमाने वाचले गेले तर ७,४२५ असा आकडा दिसतो.

आकडा दिवसेंदिवस जराही हलत नसेल, तर तो खरा नाही असेच धरून चालावे.

विजेच्या कडकडाटापासून जपणूक

वळवाच्या पावसात वीज दूर पडली तरी लांब तारेत क्षणभर मोठा दाब येतो व अ‍ॅडॉप्टर, संगणक व सेन्सर ह्यांची हानी होते. म्हणून शेतासाठी विद्युत्-विलग प्रकारचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. तारेच्या दोन्ही टोकांस दाबरोधक बसवावेत व ते चांगल्या अर्थिंगला जोडावेत. आभाळ भरून येताच अ‍ॅडॉप्टरपासून तार काढून ठेवावी. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तारेस हात लावू नये.

मातीची साक्ष

जोडणी निर्दोष झाली तरी आकडा मातीशी ताडून पाहावा. भारी काळ्या जमिनीत व हलक्या मुरमाड जमिनीत एकच आकडा सारखा अर्थ सांगत नाही. सेन्सरजवळची माती घेऊन तिचे वजन करावे, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. घटलेले वजन म्हणजे पाणी. हे प्रमाण वजनाचे असते व सेन्सरचे बहुधा आकारमानाचे, म्हणून ताडताना मातीची घनता हिशेबात घ्यावी. मृद परीक्षण प्रयोगशाळेच्या मदतीने हे काम होऊ शकेल. ते जमले नाही, तर निदान आठवड्यातून एकदा सेन्सरशेजारी खुरप्याने माती काढून ती मुठीत दाबून पाहावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक बागेसाठी एक वही ठेवावी. तीत तारेचा नकाशा, सांध्यांच्या जागा, प्रत्येक सेन्सरचा पत्ता, वेग व घडण, तारांचे रंग आणि महिन्याच्या तपासणीचा रोध हे लिहावे. आपली बदली झाली तरी ही वही बागेत राहील व पुढच्या माणसाचे काम सोपे होईल.

तात्यांच्या बागेतील तार पुढील हंगामापूर्वी नव्याने टाकण्यात आली. मधला सांधा आता जमिनीपासून दोन हात उंच खुंटावर पेटीत आहे, दोन्ही टोकांस रोधक आहेत आणि उत्तर आले नाही तर पडद्यावर तसे दिसते. दर सोमवारी तात्या आकडा वाचतात, नंतर खुरपे घेऊन तिसऱ्या भागात जातात व मातीची मूठ वळून पाहतात. दोन्ही जुळले तरच पाण्याचा निर्णय घेतात. आपण सर्वांनीही हाच परिपाठ ठेवावा.